कार्बाइडचा चुना आणि बॉयलरचा धूर

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचे सूत रंगवणाऱ्या एका कारखान्याचा बॉयलर मी काही वर्षे सांभाळला. आपल्याकडच्या कोळशात गंधक साधारण 0.5 टक्का असते. हे प्रमाण किरकोळ वाटले, तरी त्या हिशेबाने टनभर कोळशामागे सुमारे 10 किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो.

हा वायू चुन्याने धरता येतो, आणि तो चुना विकत घ्यावा लागत नाही, असा माझा दावा होता. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकून ॲसिटिलीन वायू काढला की 64 किलो कार्बाइडमागे 74 किलो विरी गेलेला चुना गाळाच्या रूपाने उरतो. तो राखाडी-पांढरा असतो आणि त्याला लसणासारखा उग्र दर्प येतो. विकतच्या चुन्यासाठी चुनखडी तापवली की 100 किलोमागे 44 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो प्रकार या गाळात नाही. टनभर कोळशाला कागदावर 12 किलो चुना पुरतो. प्रत्यक्षात मात्र कणाच्या पृष्ठभागावर कॅल्शियम सल्फेटचे कवच चढून आतला चुना तसाच राहतो, म्हणून दुप्पट तरी धरावा लागतो.

कुणीतरी चुन्याऐवजी साखर कारखान्यांतील प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा लगदा, सुचवले होते. सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्यांतील प्रेसमडमध्ये सेंद्रिय भागच जास्त असल्याने ते शेतातच शोभते. (हेच कारखाने रस स्वच्छ करण्यासाठी मुद्दाम गंधक जाळतात, हा विनोद वेगळाच.)

उन्हात वाळवलेला गाळ आम्ही कोळशात मिसळला आणि माझे गणित तिथेच चुकले. गंधक पकडण्यासाठी 800 ते 900 अंश सेल्सिअस तापमान सोयीचे असते. फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरमध्ये, म्हणजे जळता थर खालच्या हवेने उसळता ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये, ते राखता येते. आमचा बॉयलर मात्र साध्या जाळीचा होता, जाळीवरचा थर 1200 अंशांच्या वर जाई, आणि तेवढ्या उष्णतेत तयार झालेले सल्फेट पुन्हा फुटून वायू मोकळा होतो. शिवाय चुन्यामुळे राख लवकर वितळली आणि जाळीवर क्लिंकरचे असे थर बसले की फायरमनने दोन पाळ्या पहारीने ते फोडले. तो मला तोंडावर काही बोलला नाही, पण नंतर गाळाच्या गोण्या त्याने शेडच्या पार टोकाला नेऊन ठेवल्या.

मग तोच गाळ स्क्रबरच्या पाण्यात कालवला. थंड झालेला धूर त्या पाण्याच्या फवाऱ्यातून जाऊ लागला आणि धुराड्याजवळ घशाला झोंबणारा वास बराच कमी झाला. लिटमस कागद पुन्हा लाल होऊ लागला की आणखी गाळ टाकायचा, एवढेच काम उरले.

टाकीच्या तळाशी बसणाऱ्या साक्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्याला पुरेशी हवा मिळाली तर त्याचा जिप्सम होतो आणि सिमेंटवाल्यांना तो चालतो. आमचा साका बहुतांशी सल्फाइटचा होता, आठवडाभर उन्हात पसरला तरी न सुकणारा आणि फावड्याला लगद्यासारखा चिकटणारा.