एक-आठ-चार-तीन
मे महिन्यातली दुपार. जळगावात पारा ४४ च्या वर आणि एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर. टेबलावरचं कापड उचललं आणि पोटात गोळाच आला. आदल्या रात्री चिकटवून ठेवलेली चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मधोमध खाली बसली होती. स्टीलची पट्टी लावून मोजलं, तर चार मिलिमीटर.

चासी होती ड्रॅगस्टरची. उभ्या जागेवरून सुटून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर पळणारी ही अमेरिकेतली शर्यतीची गाडी. तिचं एकास सोळा मापाचं प्लास्टिकचं किट माझ्याकडे जोडायला आलं होतं. अस्सल गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण पाच मीटर अंतर, म्हणजे किटमध्ये ३१ सेंटिमीटर. एवढ्या लांबीत बोरूच्या काडीएवढ्या जाडीच्या नळ्या. त्यात बाक आला की चारही चाकं एका वेळी जमिनीला टेकत नाहीत.

एरवी मी ठिबक सिंचनाची प्रात्यक्षिक मॉडेल्स, कापून आतलं दाखवणारे पंप, इमारतींचे नमुने करतो. हे काम आबांचं. आबा अंमळनेरकडचे, एसटीत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. नातवाने अमेरिकेहून हे खोकं पाठवलं, पण आता त्यांचे हात थरथरतात. "तू जोड भाऊ, मी बाजूले बसी ऱ्हासू," एवढंच ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. आणि आज बाराच्या सुमाराला ते येणार होते.

चूक माझीच होती. या कामातला सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचं द्रावण, डिंकासारखा नसतो. तो किटचं प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, विरघळवतो, दोन्ही कडा एकजीव होतात, आणि आतलं द्रावक पुरतं उडून जाईपर्यंत सांधा मऊच राहतो. मी दोन टोकांखाली ठोकळे ठेवले आणि मध्ये आधारच दिला नाही. वर ही उष्णता. प्लास्टिकच्या चटया आणि पाइप बनवणाऱ्या गावात इतकी वर्षं काम करून मला हे सुचायला हवं होतं.

आबा आले. चासी डोळ्यासमोर आडवी धरून, एक डोळा मिटून त्यांनी पाहिली. "हाई वाकडं शे." मग लगेच, "आते कसं करशात?" रागाचा लवलेश नव्हता. वाकलेलं सरळ करण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

भरिताची मोठी परात घेतली. उकळी फुटायच्या आत उतरवलेलं पाणी तिच्यात ओतलं, चासी ॲल्युमिनियमच्या दोन सरळ पट्ट्यांमध्ये दोऱ्याने बांधली आणि बुडवली. थोड्या वेळाने तशीच बांधलेली माठातल्या पाण्यात. पहिल्या खेपेला निम्मा बाक गेला, तिसऱ्या खेपेला पट्टीखालून कागदही सरकेना. तोवर आम्ही दोघंही बोललो नव्हतो.

मग इंजिन. क्रायस्लर कंपनीचं हेमी, व्ही-आठ, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडर, आणि डोक्यावर इंजिनात हवा कोंबणारा भलामोठा ब्लोअर. क्रोमच्या भागांवर जिथे सांधा येणार तिथलं क्रोम मी ब्लेडने खरवडत होतो, कारण सिमेंट प्लास्टिकला धरतो, धातूच्या मुलाम्याला नाही. आबा म्हणाले, बॅटरीचं टर्मिनल घासल्याशिवाय करंट येत नाही, तसंच की. ब्लोअर हातात घेऊन मात्र ते थबकले. मी सांगितलं, हा जनरल मोटर्सच्या ६-७१ डिझेल इंजिनावरचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. तिकडे ट्रकांना आणि बसला बसायचं ते दोन-स्ट्रोक इंजिन. जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा भरायला त्याला ब्लोअर लागायचाच. शर्यतवाल्यांनी तोच उचलून पेट्रोल इंजिनांवर चढवला. "म्हणजे बसचाच शे," आबा म्हणाले, आणि तो इवलासा भाग त्यांनी बराच वेळ खाली ठेवला नाही.

मी सीट बसवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पायांचा. या जुन्या ठेवणीत ड्रायव्हर मागच्या आसाच्याही मागे बसतो, गलोलीतल्या खड्यासारखा, म्हणून या गाड्यांना नावच स्लिंगशॉट. क्लच आणि गिअरबॉक्स येतो बरोबर पायांपाशी. आबांनी ते ओळखलं होतं. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या ड्रॅगस्टर-चालकाचा गिअरबॉक्स तिथेच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्याच वर्षी तो इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन उतरला, जिंकू लागला, आणि हळूहळू सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं. आबा ऐकत होते आणि बोटाने गिअरबॉक्सचं झाकण चाचपत होते.

किटमध्ये प्लगच्या वायरी नव्हत्या. खऱ्या सात मिलिमीटरच्या वायरीला सोळाने भागलं की अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत येतं. शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून २६ गेजची तांब्याची तार आणली, हातड्रिलने मॅग्नेटोला, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज पुरवणाऱ्या भागाला, आठ भोकं पाडली. हेमीचे प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध उतरतात, त्यामुळे वायरी लपत नाहीत. संदर्भातून फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, काढली: १-८-४-३-६-५-७-२. एसटीची सहा सिलिंडरची १-५-३-६-२-४ आबांना अजून तोंडपाठ. आठही तारा बसवायला अडीच तास लागले.

आबांनी सुई घेतली आणि एकेका तारेवरून फिरवली. मग विचारलं, "एक नंबर कोणती बाजूले?"

"ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. एक, तीन, पाच, सात."

"आणि डायवर कोठे बसस?"

मॉडेल माझ्याकडे नाक करून उभं होतं. माझा डावा हात म्हणजे ड्रायव्हरचा उजवा. आठच्या आठ तारा उलट्या बाजूला गेल्या होत्या.

मी म्हणालो, आबा, काचेच्या पेटीत राहणार आहे, कोण मोजणार? ते चिडले नाहीत. "कोणी दखो का ना दखो, माले ते माहीत शे ना."

आठही तारा उपटल्या. भोकं तीच होती, पण तारा नव्या कापाव्या लागल्या. आबांनी थरथरत्या मनगटाला दुसऱ्या हाताने आवळून टॉर्च धरला. सात नंबरची तार बसली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि शेवटची एसटी निघून गेली होती. ते वर्कशॉपमध्येच चटई टाकून झोपले. तारा आधी रंगवल्या तर वाकवताना रंग तडकतो आणि दुपारी रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून पहाटे पाचला उठून मी तांब्यावर लाल रंग ओढायला घेतला. आबा उठले, चष्मा लावला, माझ्या खांद्यावरून वाकले आणि एकपासून पुन्हा मोजायला लागले.