पुणे ते पोलादपूर: घाटात क्लच आणि गिअर कुठे रुसतात

पुण्याहून खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. अंतर 160 किलोमीटरच्या आसपास, पण क्लचमधली लपलेली खोट बाहेर काढायला हा रस्ता पुरतो. गाड्या म्हणजे 125 ते 350 सीसीच्या मोटरसायकली, सगळ्या वायरवाल्या क्लचच्या, काहींवर दोघे आणि वर सामान.

पहिली खोट खंबाटकीच्या चढावर दिसते. थ्रॉटल पिळला की इंजिन ओरडते, आरपीएमचा काटा वर जातो, वेग मात्र तिथेच. हा क्लच घसरतोय. खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी: मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 40च्या वेगाला थ्रॉटल एकदम पूर्ण उघडा. इंजिनाचा आवाज वेगाच्या पुढे पळाला तर क्लच धरत नाही. अशा वेळी लगेच प्लेटा बदलायला धावू नका. आधी क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल बघा, म्हणजे वायर ताणण्याआधी लिव्हर जेवढी सैल हलते ती. बहुतेक गाड्यांना 10 ते 20 मिलिमीटर लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. प्लेटा झिजल्या की ही चाल कमी होत जाते, आणि शून्य झाली की क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. मोठी दुरुस्ती इंजिनाकडच्या अ‍ॅडजस्टरवर करा, लिव्हरचा अ‍ॅडजस्टर वाटेतल्या बारीक फरकासाठी राखून ठेवा.

चाल बरोबर असूनही घसरत असेल तर ऑइलचा डबा आठवा. कारचे ऑइल ओल्या क्लचला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या क्लचला, चालत नाही. घर्षण कमी करणारी त्यातली द्रव्ये प्लेटांची पकडच घालवतात. डब्यावर जासो (ऑइलचे जपानी मानक) एमए किंवा एमए2 हवे. एमबी स्कूटरसाठी असते. ऑइलही बरोबर असेल, तर मग प्लेटा आणि स्प्रिंगांकडे वळायचे.

पसरणीत बसच्या मागे रांग लागली की दुसराच प्रकार. हाफ क्लचवर गाडी रेटत नेली की प्लेटा तापून फुगतात, लिव्हर ढिली पडते, क्लच पूर्ण सुटत नाही आणि उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. इथे हात शिवशिवतात आणि पाना निघतो. काढू नका! तापलेल्या क्लचवर वायर ताणली, की पाचगणीत गार झाल्यावर मोकळी चाल उरत नाही आणि पुढच्या चढावर तोच क्लच घसरायला लागतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, वीसेक मिनिटे थांबा. रांगेत पुढच्या बसला चार गाड्यांचे अंतर पुढे जाऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच लिव्हर पूर्ण सोडून जा. जळका वास आला असेल तर महाबळेश्वरला पोचल्यावर चाल पुन्हा तपासा.

गार गाडीतही न्यूट्रल लागत नसेल, तर मेन स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून, इंजिन सुरू करा आणि क्लच दाबून पहिला गिअर टाका, क्लच दाबलेलाच ठेवा. चाक हळू फिरणे साहजिक आहे. मागचा ब्रेक अलगद दाबल्यावर चाक थांबले तर ठीक. इंजिन दबून बंद पडायला लागले तर वायर जास्त ढिली आहे किंवा आत प्लेट वाकली आहे.

आंबेनळीच्या उतारावर क्लच दाबून घरंगळू नका, दुसरा-तिसरा गिअर ठेवा. इथे तक्रार येते ती गिअर मधेच सुटण्याची. निम्म्या वेळा दोष पायाचा असतो: जाड पावसाळी बूट गिअर लिव्हरखाली नीट शिरत नाही, लाथ अर्धवट बसते. लिव्हर एक दाता वर सरकवून बसवली की फरक पडतो. तिचा बोल्टही घट्ट करा. तो सैल राहिला की लिव्हरचे दाते खाल्ले जातात. लिव्हर खाली जाऊन वर येतच नसेल तर आधी चिखल आणि क्रॅश गार्ड बघा, मग आतल्या रिटर्न स्प्रिंगवर संशय घ्या. चेन गाडीच्या पुस्तकातल्या मापापेक्षा जास्त झोल खात असेल तर प्रत्येक गिअरला झटका बसतो आणि लोक उगाच गिअरबॉक्सला दोष देतात.

क्लचची वायर तुटते ती बहुतेक वेळा क्लच लिव्हरमध्ये अडकणाऱ्या तिच्या टोकाच्या गोळीपाशी. रबर मागे सारून बघा. एक जरी तार उसवून बोटाला टोचली तर वायर निघण्यापूर्वी बदला. आपल्याच मॉडेलची जादा वायर जुनीच्या शेजारून ओवून टेपने बांधून ठेवली, की घाटात टाकी उतरवावी लागत नाही. सोबत 10, 12 आणि 14 नंबरचे पाने व पक्कड.

वायर तुटलीच आणि जादा नसेल, तर उताराकडे तोंड करून न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, गाडी थोडी घरंगळू द्या आणि पहिला गिअर टाका. पुढचे गिअर थ्रॉटल क्षणभर सोडून बदलता येतात. थांबायच्या आधी न्यूट्रल. मागे बसणाऱ्याला मात्र उतरवून बसने पाठवा. आणि प्लेटाच गेल्या असतील तर घाट परत चढू नका. पोलादपूर किंवा महाडला गाडी उघडा. नव्या घर्षण प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवायला सांगा, कव्हरचे पॅकिंगही नवे घ्या.