पहाटेचा ताठरपणा

फोंड्याच्या घरात पहाटे चारला कंबर धरून उठू लागलो, तेव्हा मी २६ वर्षांचा होतो. रोज स्कूटरने पणजीला जाण्याचा हा परिणाम असल्याचे सांगून एका डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला लावली आणि दुखणे वाढतच गेले. वास्तविक खूण तीच होती: साध्या पाठदुखीला पडून राहिल्याने बहुधा आराम मिळतो, तर मला झालेल्या अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या आजारातला सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो आणि हालचालीनेच सैल होतो. एक्स-रेमध्ये सांध्यांतील बदल दिसायला अनेक वर्षे लागू शकतात. एमआरआयमध्ये सूज लवकर दिसते. एचएलए-बी२७ चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये, कारण हे जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

आता सूज कमी करणाऱ्या गोळ्यांइतकाच व्यायाम मला महत्त्वाचा वाटतो. रोज सकाळी टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभा राहतो. डोके आणि भिंत यांत किती बोटे मावतात, ते आई मोजते. गेल्या पावसाळ्यात तीन मावत होती, आता दोन. धूम्रपान मात्र पूर्ण सोडावेच लागते. आणि या आजारात डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.