दोन्ही का गात नाही?

लग्नाच्या पंगतीत, बँकेत, अगदी दातांच्या दवाखान्यातसुद्धा मला हा प्रश्न विचारला जातो: "ताई, तुम्ही आपलं शास्त्रीय एवढं शिकलात, मग ते आणि हे सोप्रानोचं, दोन्ही का गात नाही? गळा तर एकच आहे ना?" सोप्रानो म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यातला बायकांचा सर्वांत उंच आवाज; मी तो गाते. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. त्यात नागपूरकर वसंतराव देशपांड्यांचे नाव घेतात आणि मला गप्प बसवतात. वसंतराव याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि पुढे ख्याल, ठुमरी, नाट्यगीत सारेच गायले, हे खरे. पण त्या सर्व प्रकारांत षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', त्यांचा स्वतःचा होता आणि समोर मायक्रोफोन होता.

सोप्रानोला पट्टी रचनाकार ठरवून देतो, आणि मायक्रोफोनशिवाय, वेळ पडल्यास अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो. आपल्याकडे बायका बहुधा काळी चार किंवा पाचमध्ये, म्हणजे पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी 'सा' धरून, गातात. काळी चारचा तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला 'प', सुमारे 622 हर्ट्झचा असतो. तिथपर्यंत छातीचा, उघडा आकार, म्हणजे 'आ'वर लावलेला सूर, नेता यावा म्हणून मी वर्षानुवर्षे पहाटे रियाज केला. सोप्रानोला मात्र साधारण त्याच टापूत आवाज डोक्याकडे वळवावा लागतो, तोही सांधा ऐकू न येता, कारण तिला पुढे 1046 हर्ट्झच्या वरच्या 'सी' या पाश्चात्त्य सुरापर्यंत जायचे असते. "शब्द कळत नाहीत" ही तक्रारही इथलीच आहे. एवढ्या उंचीवर सूर हा ई, ऊ यांसारख्या स्वरवर्णांच्या नैसर्गिक अनुनादाच्या वर निघून जातो, म्हणून जबडा उघडावा लागतो आणि 'ई' 'आ'कडे झुकते. तो उच्चारातला आळस नव्हे.

हे सगळे मला ठाऊक असतानाही मी गुरुजींच्या पुण्यतिथीला नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या वाड्यात गायला बसले. तेव्हा मी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन सोप्रानोचे गाणे शिकत होते आणि "गळा एकच असतो" हे तुमचेच वाक्य छाती ठोकून सांगत होते. बिहाग राग धरला. स्थायी नीट गेली. अंतऱ्यात तार गंधारावर, म्हणजे वरच्या 'ग'वर, थांबायला गेले आणि आवाज आपोआप उलटला. आकार गोल झाला आणि सरळ लागायचा सूर कंप घेऊ लागला. पेटीवाल्या काकांनी गंधार दाबून धरला, मला परत यायला वाट मिळावी म्हणून. मी छातीचा जोर लावला, तसा मध्यमावर आवाज फाटला. मागच्या सतरंजीवरून कोणीतरी म्हणाले, "चर्चमध्ये आलो का बे आपण?" चारदोन जण हसले. तबलजीने मान खाली घालून ठेका चालू ठेवला. मी द्रुत बंदिश न घेताच उठले. नंतर काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, चिवड्याची बशी हातात देत विचारले, "गळा बसला का गं?" मी हो म्हटले. गळा अजिबात बसला नव्हता. तो मुंबईत जसा शिकवला होता तसाच वागला होता.

म्हणून हा निष्ठेचा प्रश्न नाही, स्नायूंच्या सवयीचा आहे, असे मी सांगत असते. तेही पूर्ण खरे नाही. ख्याल गाणाऱ्या माझ्यासारख्या इथे गल्लोगल्ली आहेत, आणि सोप्रानो म्हणून माझी तुलना करायला नागपुरात फारसे कोणी नाही; हे मला आवडते, तुम्ही नावे ठेवलीत तरी. कमाई म्हणाल तर नाताळातली कॅरोल, मुंबईतला एखादा कार्यक्रम आणि पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षांना बसणारी मुले, एवढीच.

ती बिहाग गाणारी मुलगी, म्हणजे तेव्हाची मी, आज समोर आली तर मला भित्री म्हणेल. एका फजितीवरून तू दार लावून घेतलेस, दोन्ही आवाज रोज वेगवेगळे घोटले असतेस तर जमले असते, असे तिचे म्हणणे असेल. जमलेही असते. पण त्या वयात मुंबईचा धडा अर्धा सोडून पुन्हा छातीचा आकार घोटायला बसणे तिलाही परवडणारे नव्हते, हे ती सोयीने विसरते.

सध्या माझ्याकडे धरमपेठेतली एक मुलगी येते, जी सकाळी दुसरीकडे ख्याल शिकते. यातले एक बंद करू का, असे तिच्या आईने मागच्या आठवड्यात विचारले. मी म्हटले, "दोन्ही चालू द्या." आणि त्याच संध्याकाळी मुलीने आकार छातीतून वर ओढला, तेव्हा पियानोचे झाकण आपटून मी तिला थांबवले.