संगणक पेटलाय का?

भाऊबीजेला ताई आली की भाचा थेट माझ्या टेबलापाशी येतो, हे दरवर्षीचं ठरलेलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राकडे डॉक्टरच्या नजरेने बघतो. यंदा टेबलावर माळ्यावरून काढलेला दहा इंची नेटबुक उघडा होता. एक जीबी रॅम, बॅटरी केव्हाच गेलेली, वायर हलली की प्राण सोडणारा. पडद्यावर पिवळ्या कानांच्या खिडक्या.

"मामा, हे काय टाकलंयस?"

"हायकू."

"लिनक्सच ना?"

"नाही रे. लिनक्स नाही, विंडोज नाही, मॅकही नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचं वेगळंच घराणं आहे."

सोफ्यावरून दाजींनी मान वर केली. दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. म्हणजे नळ, खिळे, बिजागऱ्या. "त्यात टॅली चालतं का?"

"नाही चालत."

"मग चालतं काय?"

"त्याला काही विचारू नका, चहा निवतोय," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, त्यामुळे मी वाचलो. पण प्रश्न रास्त होता आणि तो डोक्यात राहिला.

त्याच सुमाराची गंमत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि "माझा लॅपटॉप तर चांगला चालतोय, आता काय करू?" असं सोसायटीतल्या तिघांनी मला विचारलं. तिघांनाही मी शहाण्यासारखा सल्ला दिला: लिनक्स मिंट टाका, नाहीतर नवा घ्या. हायकूचं नावही काढलं नाही. जे मी रोज रात्री हौसेने उघडतो ते दुसऱ्याला सुचवायला जीभ रेटत नाही. कारल्याचं लोणचं आपल्याला आवडतं म्हणून पाहुण्यांच्या पानात वाढतो का आपण?

अशी माणसं मी एकटाच नाही. माझा एक मित्र गेली कित्येक वर्षं ओपनबीएसडी या सिस्टिमवर आहे. ही थिओ डी राट यांनी १९९५ साली नेटबीएसडी नावाच्या सिस्टिमच्या प्रकल्पातून फुटून कॅनडातल्या कॅलगरीत थाटलेली चूल. सुरक्षिततेच्या बाबतीत हे लोक भलते कर्मठ. ब्लूटूथचा कोड मनासारखा नव्हता, म्हणून २०१४ साली त्यांनी तो उचलून बाहेरच टाकला. सुधारून घेऊ, बघू, असलं काही नाही. "आमच्याकडे ब्लूटूथ नाही," हे मित्र ज्या सुरात सांगतो, त्या सुरात काही घरांत "आमच्याकडे कांदा-लसूण नाही" असं सांगतात. नवी सिस्टिम टाकली की तिच्या टपालपेटीत पहिलं पत्र खुद्द डी राट यांच्या नावाने आलेलं असतं: स्वागत आहे, आणि जमल्यास तुमच्या यंत्राची कुंडली आम्हाला पाठवा. स्लॅकवेअर या जुन्या लिनक्सवाले याहून सोशिक. १९९३ पासून पॅट्रिक फोल्करडिंग हा गृहस्थ ती सांभाळतोय; २०१६ नंतरची पुढची आवृत्ती २०२२ साली आली आणि भक्तांनी मधली सहा वर्षं हूं की चूं केलं नाही.

पण मला विचाराल तर हायकूसारखी गोष्ट दुसरीकडे नाही.

ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांनी १९९० साली बी नावाची कंपनी काढली. तिची बीओएस ही सिस्टिम नव्वदच्या दशकात लोकांना थक्क करायची. आमच्या कॉलेजातल्या पीसीवर एक गाणं लावलं की माउस अडखळायचा, त्या काळात ही एका पडद्यावर पाच-सहा व्हिडिओ एकदम पळवून दाखवायची. १९९६ साली ॲपल नव्या सिस्टिमच्या शोधात होती. बीशी बोलणी झाली, किमतीवरून घोडं अडलं, आणि ॲपलने त्याऐवजी नेक्स्ट ही कंपनी घेतली. नेक्स्टबरोबर स्टीव्ह जॉब्ज परत आले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बीचं पुढे काय झालं ते फारसं कुणाला माहीत नाही: २००१ साली पाम या कंपनीने तिची मालमत्ता एक कोटी दहा लाख डॉलरना विकत घेतली आणि बीओएस बंद पडली. मूळ कोड मिळाला असता तर लोकांनी तो जपला असता. तोही मिळाला नाही.

मग काही चाहत्यांनी ठरवलं की आपण ती पहिल्यापासून लिहून काढू. विटा मिळाल्या नाहीत तर नुसत्या आठवणीवरून वाडा पुन्हा बांधायचा, तोही असा की जुन्या भाडेकरूंच्या किल्ल्या नव्या कुलपांना लागल्या पाहिजेत. आणि त्या लागतात! हायकूच्या ३२-बिट आवृत्तीवर बीओएससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम आजही चालतात. तेवढ्यासाठी त्यांनी एक जुनाट कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणारं अवजार) अजून सांभाळलाय. हे काम २००१ साली सुरू झालं. पहिली अल्फा, म्हणजे कच्ची आवृत्ती, २००९ ला आली, पहिली बीटा, म्हणजे चाचणीची, २०१८ ला, पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ ला. 'आवृत्ती पहिली' अजून यायची आहे. मुंबई-गोवा महामार्गाने गावी जाणाऱ्या माणसाला याचं काही विशेष वाटू नये.

नावाची हकीकतही तशीच. बीओएसच्या ब्राउझरला एखादं पान सापडलं नाही की तो हायकू या जपानी कविताप्रकारात दिलगिरी व्यक्त करायचा. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरांच्या. त्या आठवणीतून २००४ साली प्रकल्पाचं नाव ठेवलं गेलं. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. माझ्या आईच्या कपाटात त्यांची पुस्तकं असायची आणि दुपारी ती आम्हाला त्यातल्या तीन-तीन ओळी ऐकवून पुढचं न सांगता गप्प बसायची. त्यामुळे हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सिस्टिम उतरवून घेतली ती जवळजवळ नात्यातली समजून.

आत काय आहे? फार काही नाही, आणि जे आहे ते हाताला लागतं. खिडकीचं शीर्षक पूर्ण रुंदीच्या पट्टीत नसून फायलीच्या टॅबसारखा पिवळा कान असतो. शिफ्ट दाबून तो कडेने सरकवता येतो. एकावर एक चार खिडक्या ठेवून चारही कान ओळीने दिसतील असे लावायचे. कामाला याचा उपयोग आहेच, पण खरं सांगायचं तर मी ते उगाचच करतो, मणी सरकवावेत तसं. दुसरं म्हणजे फायलींना आपले रकाने जोडता येतात. मी स्वतः लिहिलेल्या हायकूंचा एक फोल्डर ठेवलाय. (चांगले नाहीत. कुणी मागू नयेत.) प्रत्येकाची वेगळी फाइल, आणि फाइलला मी जोडलेला रकाना: ऋतू. पावसाळ्यातले शोधा म्हटलं की क्षणात खिडकी भरते, आणि ती उघडी असताना नवीन लिहिलेला आपोआप त्यात येऊन बसतो. वेगळं ॲप नाही, खातं नाही, 'तुमचा अनुभव कसा होता' नाही.

आता यातला विनोद ऐका. हायकू नावाच्या या सिस्टिमवर मराठी हायकू धड दिसत नाही. देवनागरीत अक्षरं एकमेकांना धरून बसवावी लागतात. ऱ्हस्व वेलांटी लिहायची नंतर पण दिसायला हवी आधी. हे जुळवणारी यंत्रणा तिच्या मूळ खिडक्यांत नाही. 'कविता' लिहिलं की वेलांटी 'व'च्या मागे उभी राहते आणि 'त'च्या डोक्यावर छत्री धरते. 'रस्ता'मधला 'स' पाय मोडून वेगळा बसतो. बाहेरून आणलेल्या एका ब्राउझरात हाच मजकूर व्यवस्थित दिसतो, म्हणजे दोष माझ्या टंकनाचा नाही. म्हणून मी ऋतूंचे रकाने रोमन लिपीत भरतो आणि हायकू आधी वहीत लिहितो.

चहानंतर हे सगळं भाच्याला दाखवलं. तो हसला. "मग दुरुस्त कर ना मामा. सगळा कोड उघडाच आहे."

"बघितलाय मी उघडून."

खरंच बघितला होता. गेल्या पावसाळ्यात दोन-तीन रविवार त्यात घातले. वेलांटीपर्यंत पोचलो नाही. ते काम माझ्या वकुबाबाहेरचं आहे. पण वाटेत एक रत्न सापडलं. सिस्टिमच्या अगदी गाभ्यातल्या फायलीत, धागे आणि स्मृती आणि घड्याळं असल्या गंभीर मंडळींच्या पंगतीत, दोन फंक्शन, म्हणजे प्रोग्रामने हाक मारली की उत्तर देणारे कोडचे तुकडे, बसलेली आहेत. पहिलं 'इज कॉम्प्युटर ऑन': संगणक चालू आहे का? दुसरं 'इज कॉम्प्युटर ऑन फायर': संगणक पेटलाय का? ही बीच्या इंजिनिअरांची नव्वदच्या दशकातली थट्टा. त्यांनी ती माहितीपुस्तकातही गंभीर चेहऱ्याने लिहून ठेवली होती: संगणक चालू असेल तर पहिलं फंक्शन एक सांगेल, बंद असेल तर काय सांगेल त्याची खात्री नाही. दुसरं, संगणकाला आग लागली असल्यास मदरबोर्डाचं तापमान सांगेल. नुसतं धुमसत असेल तर ते धरलं जाणार नाही.

कंपनी बुडाली. ज्यांनी ती थट्टा केली ते पांगले. आणि ज्यांना पगार नाही, मुदत नाही, गिऱ्हाईक नाही अशा माणसांनी सगळं नव्याने लिहिताना हीसुद्धा दोन फंक्शनं पुन्हा लिहिली. कुणाचंच काही अडलं नसतं. पण वाडा हुबेहूब बांधायचा म्हणजे आजोबांनी खांबावर खिळ्याने कोरलेलं नावही आलं. त्या ओळी सापडल्या त्या रात्री मी बराच वेळ एकटाच हसत बसलो होतो. दाजींना उत्तर द्यायचं तर हे द्यावं लागेल, आणि ते टॅलीच्या रकान्यात बसणार नाही.

भाच्याने मात्र खुर्ची ओढली. चार-पाच ओळी खरडल्या, टर्मिनलमध्ये कंपाइल केल्या, एंटर मारला. पहिल्या ओळीत १ आला. चालू आहे. दुसऱ्या ओळीत एकाहून लहान, दशांश चिन्हाच्या पुढे बरेच आकडे असलेली एक संख्या.

"म्हणजे?"

"म्हणजे पेटलेला नाही. तापमान इतकं कमी कसं असेल?"

दाजी कधी मागे येऊन उभे राहिले होते कळलं नाही. हार्डवेअरवाला माणूस, वाकून त्यांनी नेटबुकच्या पोटाखाली तळवा घातला आणि चटकन काढून घेतला.

"धुमसतोय," ते म्हणाले.