ढोलीतली लाल चोच
आज सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर थंडीत कुडकुडत फिरत होतो. एका जुन्या झाडाच्या ढोलीतून जाडजूड लाल चोच बाहेर आली, मग खांद्यावरचा तो तांबडा डाग. करण पोपट! शेपटीसकट जवळपास दोन फूट. नेहमीचा पोपट याच्यापुढे पोरगाच. गळ्यात कंठ नव्हता, म्हणजे मादी असावी.

आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत हा 'संकटासमीप', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. ढोलीतली पिल्लं चोरून विकतात, अन् ढोलीवाली म्हातारी झाडं आपण तोडतोच. लहानपणी आमच्या शेजारी असाच एक पिंजऱ्यात होता, मी त्याला मिरच्या खाऊ घालायचो. असे पोपट पकडून पाळायला मनाई करणारा १९७२ चा वन्यजीव कायदा वाड्यात कुणाच्या गावीही नव्हता.

वीस मिनिटं ती माझ्याकडे बघत राहिली. घरी न्यायचे तर्री-पोहे राहिलेच, बोलणी खाल्ली.