ल्युटेशियमचे चार डोस : तारखा, वॉर्ड आणि घर

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीवर) पीआरआरटी, म्हणजे ल्युटेशियम-177 हे किरणोत्सारी औषध शिरेतून गाठीपर्यंत पोचवण्याचा उपचार, घ्यायचं ठरलं, की प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो : किमोसारखा त्रास होतो का? चार डोस पूर्ण झाल्यावर माझं उत्तर असं आहे. ल्युटेशियमचा त्रास कमी, सोबतच्या सलाइनचा जास्त, आणि तारखांचा मेळ बसला नाही तर त्याचा सगळ्यात जास्त. म्हणून स्कॅनबद्दल थोडं सांगून आधी तारखांबद्दलच लिहिते.

हा उपचार लागू पडेल की नाही, हे गॅलियम-68 डोटाटेट पेट स्कॅनवर (ल्युटेशियमच्या औषधासारखंच गाठीला चिकटणारं औषध देऊन काढलेल्या स्कॅनवर) ठरतं. गाठ निदान लिव्हरइतकी तरी उजळ दिसायला हवी. रिपोर्टात 'क्रेनिंग स्कोअर' लिहिलेला असतो : 3 म्हणजे लिव्हरपेक्षा जास्त उजळ, 4 म्हणजे प्लीहेपेक्षाही जास्त. गाठीचा ग्रेड वरचा असेल, म्हणजे ती वेगाने वाढणारी असेल, तर एफडीजी पेटही (साखरेसारखं औषध देऊन काढलेला स्कॅन) करून घ्यायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. एफडीजीत पेटलेली पण गॅलियमवर न दिसणारी गाठ असेल, तर तिथे ल्युटेशियम पोचत नाही.

ऑक्ट्रिओटाइड एलएआरचं (गाठीतल्या हार्मोनचा त्रास आवरणाऱ्या, हळूहळू सुटणाऱ्या औषधाचं) महिन्याचं इंजेक्शन चालू असेल, तर ते आणि डोस यांत चार आठवड्यांचं अंतर लागतं, कारण दोन्ही औषधं गाठीच्या पेशींवरच्या एकाच रिसेप्टरवर (औषध चिकटण्याच्या जागेवर) जाऊन बसतात. मधल्या काळात जुलाब किंवा चेहरा लाल होण्याचा त्रास वाढला, तर कमी मुदतीचं ऑक्ट्रिओटाइड घेता येतं, पण तेही डोसच्या 24 तास आधी बंद. सोपा हिशोब असा : दोन डोसमध्ये 8 आठवडे, म्हणजे 56 दिवस, म्हणजेच एलएआरचे बरोबर दोन फेरे. एक इंजेक्शन डोस झाल्यावर 4 ते 24 तासांत, दुसरं त्यानंतर 28 दिवसांनी, आणि तिसऱ्याची पाळी येते तेव्हा पुढचा डोस आलेला असतो. कॅलेंडरवर आधी डोसच्या तारखा लिहा, इंजेक्शनं त्यांच्याभोवती बसवा. उलट केलंत की गाडं अडतं.

रक्ताच्या तपासण्या दीड-दोन आठवडे आधी करा. साधारणपणे हिमोग्लोबिन 8 च्या वर, प्लेटलेट 75 हजारांच्या वर आणि किडनीचं काम ठीक, हे पाहतात. किडनीसाठी नुसत्या क्रिएटिनिनवर न थांबता डीटीपीए स्कॅन (किडनीचा स्कॅन) करून जीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, काढला, तर चित्र जास्त स्पष्ट होतं. घाई एवढ्यासाठी, की ल्युटेशियम-177 चं अर्धायुष्य 6.65 दिवसांचं आहे. रोज जवळजवळ दहा टक्के शक्ती आपोआप कमी होते. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) ध्रुव अणुभट्टीत ते तयार होतं आणि डोस ठरलेल्या दिवसासाठीच मागवलेला असतो. प्लेटलेट कमी आहेत हे त्याच सकाळी कळलं, तर डोस फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात वापरता येत नाही.

क्रोमोग्रॅनिन-ए (अशा गाठींवर लक्ष ठेवण्यासाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) तपासताना एक चूक फार होते. पॅन्टोप्रॅझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या चालू असतील, तर हा आकडा उगाच वाढलेला येतो आणि घरात घबराट पसरते. डॉक्टरांना विचारून गोळी दोनेक आठवडे बंद ठेवूनच रक्त द्या. 24 तासांच्या लघवीतलं 5-एचआयएए (सेरोटोनिन हार्मोनचा लघवीत उतरणारा अंश) तपासायचं असेल, तर दोन-तीन दिवस आधीपासून केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद.

डोसच्या दिवशी दोन्ही हातांत एकेक सुई लावतात : एकीतून अमिनो ॲसिडचं सलाइन, दुसरीतून ल्युटेशियम. सलाइनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन, दोन्ही 25-25 ग्रॅम, एक लिटर पाण्यात. किडनीत औषध अडकून राहू नये, म्हणून ते ल्युटेशियमच्या अर्धा तास आधी सुरू होतं आणि चार तास चालतं. मळमळ होते ती याचीच. उलटीवरचं इंजेक्शन सलाइनच्या आधी मिळालं का, हे सिस्टरना विचारून घ्या. तरीही मळमळलं, तर लगेच सांगा. थेंबांचा वेग कमी केला की फरक पडतो. गप्प बसून सोसण्यात काही अर्थ नाही. याच सलाइनने रक्तातलं पोटॅशियमही वाढू शकतं. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्या घेत असाल, तर आधी सांगा, त्यांनीही ते वाढतं. पाणी भरपूर प्यायचं म्हणून नातेवाईक प्रेमाने शहाळी आणतात. पण शहाळ्यातही पोटॅशियम असतं, म्हणून त्या दिवशी मी साधं पाणीच प्यायले.

ल्युटेशियम येतं ते शिशाच्या जाड डब्यातल्या छोट्या बाटलीत. बाटलीत दोन सुया, एक आखूड, एक लांब. आखूड सुईतून सलाइन आत जातं आणि लांब सुईतून औषध तुमच्या शिरेत. 200 मिलिक्युरी, म्हणजे 7.4 गिगाबेकरेल, अर्ध्या तासात संपतं. हाताला आग झाली किंवा सूज आली, तर त्याच क्षणी बोला. सुई शिरेबाहेर सरकली असेल, तर औषध तिथेच साचतं. या वेळात एकदम चेहरा तापला, धडधड वाढली, गरगरलं, तरी लगेच सांगा. गाठीतून हार्मोन सुटल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यासाठी ऑक्ट्रिओटाइड हाताशी ठेवलेलं असतं.

पुढचा सगळा खेळ लघवीचा. शरीरातलं जास्तीचं औषध मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातं. दर तासा-दीड तासाने जा. पुरुषांनीही बसूनच करायची, दोनदा फ्लश करायचं, हात साबणाने नीट धुवायचे. वॉर्डात सोबत कोणाला थांबू देत नाहीत, तेव्हा जुने सैल कपडे आणि मोबाइलचा चार्जर आधीच न्या. सोडायच्या आधी तंत्रज्ञ एक मीटर अंतरावर उभा राहून, रेडिएशन मोजायचं यंत्र तुमच्या पोटाच्या उंचीवर धरून आकडा टिपतो. तो मर्यादेखाली आला की घरी.

साधारण दुसऱ्या दिवशी स्कॅन होतो. त्यासाठी वेगळं इंजेक्शन लागत नाही, ल्युटेशियमचेच गॅमा किरण कॅमेऱ्यात दिसतात. औषध नेमकं कुठे बसलं, हे त्यात कळतं. त्याची सीडी मागून ठेवा.

घरी आठवडाभर वेगळं झोपणं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहणं, कपडे वेगळे धुणं. नातवंडांना हे समजावणं मला सगळ्यात जड गेलं. थकवा दोन-तीन आठवडे राहतो. प्लेटलेट सहसा चार ते सहा आठवड्यांनी खाली येतात, म्हणून रक्त त्या वेळी तपासाच. पहिल्या आठवड्यातला चांगला रिपोर्ट पाहून निर्धास्त होऊ नका. विमानप्रवास असेल, तर औषधाचं नाव, डोस आणि तारीख असलेलं हॉस्पिटलचं पत्र जवळ ठेवा. काही आठवड्यांनंतरही विमानतळावरचा रेडिएशन डिटेक्टर वाजू शकतो.